स्पॅनिशमध्ये ‘मला भीती वाटते’ म्हणायचं असेल तर आधी इंग्रजी बाजूला ठेवा

व्हॅलेन्सियातला आमचा पहिलाच हिवाळा. मुलगा चार वर्षांचा होता. रात्री अकराच्या सुमारास श्वास घेताना त्याच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला, तशी त्याला ब्लँकेटमध्ये गुंडाळून मी जवळच्या आरोग्य केंद्राच्या तातडीच्या विभागात पोचले. नवरा कामासाठी परगावी होता. सहा महिने मी इंग्रजीतून स्पॅनिश शिकत होते, त्यामुळे ताप किती, खोकला कधीपासून, वय काय, हे सगळं सांगता आलं. मग नर्सने माझ्याकडे बघून विचारलं, “आणि तुम्ही? तुम्ही ठीक आहात ना?” मी म्हणाले, “सोय म्येदो.” इंग्रजीतल्या ‘आय ॲम अफ्रेड’चा हा शब्दाला शब्द तर्जुमा. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ होतो ‘मी भीती आहे’. ती क्षणभर थांबली, माझ्या दंडावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, “त्येने म्येदो. एस नोर्माल.” तुम्हाला भीती वाटतेय, साहजिक आहे.

मुलगा तासाभरात सावरला. घरी आल्यावर मी ते वाक्य वहीत लिहिलं आणि पुढचे काही महिने भावना सांगणारी वाक्यं गोळा करत राहिले. तेव्हा लक्षात आलं की ज्या गोष्टी इंग्रजी माणसाला स्पॅनिशमध्ये जड जातात, त्यातल्या निम्म्याअधिक आपण मराठीत जन्मापासून बोलत असतो. मराठीतून थेट जाता येईल अशा वाटेवर मी इंग्रजीचा वळसा घेत होते. तुमचा तो वळसा वाचावा म्हणून हे लिहितेय.

उच्चारांबद्दल एवढंच: मी स्पेनमधले उच्चार देवनागरीत दिले आहेत. जिथे ‘थ’ लिहिलाय तिथे जिभेचं टोक दातांमध्ये ठेवून हवा सोडायची. लॅटिन अमेरिकेत त्याजागी सरळ ‘स’ म्हणतात. ‘ख’ घशातून, खरखरीत.

लागणारं सामान

- एक वही, मधोमध रेघ मारलेली. डावीकडे मराठी, उजवीकडे स्पॅनिश. इंग्रजीचा रकाना ठेवायचाच नाही.
- स्पॅनिश भाषेची अकादमी, रिआल अकादेमिया एस्पान्योला, १७१३ सालची आहे. तिचा शब्दकोश इंटरनेटवर फुकट बघता येतो आणि त्यात क्रियापदांची सगळी रूपंही मिळतात.
- मोबाइलमधलं आवाज रेकॉर्ड करायचं ॲप.
- मोबाइलच्या कीबोर्डला स्पॅनिश जोडून घ्या, म्हणजे अक्षरावरची तिरकी रेघ टाकता येईल. ती का लागते ते चौथ्या पायरीत येईल.

१. ‘मी अमुक आहे’ हा साचा मोडा

इंग्रजीत माणूस भीती ‘असतो’, भूक ‘असतो’, थंडी ‘असतो’. आय ॲम अफ्रेड, आय ॲम हंग्री, आय ॲम कोल्ड. स्पॅनिशमध्ये या गोष्टी माणसाजवळ असतात, म्हणून तिथे ‘तेनेर’ म्हणजे ‘जवळ असणे’ हे क्रियापद लागतं. त्याचं ‘मी’चं रूप ‘तेंगो’.

- मला भीती वाटतेय: तेंगो म्येदो
- मला भूक लागलीय: तेंगो आम्ब्रे
- मला तहान लागलीय: तेंगो सेद
- मला झोप येतेय: तेंगो स्वेन्यो
- मला थंडी वाजतेय: तेंगो फ्रीओ
- मला उकडतंय: तेंगो कालोर
- मी घाईत आहे: तेंगो प्रीसा

मराठीकडे बघा. भीती वाटते, भूक लागते, थंडी वाजते, झोप येते. क्रियापदं वेगवेगळी, पण माणूस प्रत्येक ठिकाणी ‘मला’. भावना वेगळी आणि माणूस वेगळा, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

सापळा: ‘खूप भीती’ म्हणताना ‘मुइ’ वापरू नका. ‘मुइ’ विशेषणाच्या आधी येतो, नामाच्या आधी ‘मुचो’ किंवा ‘मुचा’. म्हणून तेंगो मुचो म्येदो, पण एस्तोय मुइ आसुस्तादा, म्हणजे मी खूप घाबरलेय. पुरुषाने आसुस्तादो म्हणायचं. लिंगही मराठीवरून ठरवू नका. आपली भीती स्त्रीलिंगी, त्यांचा म्येदो पुल्लिंगी. भूक आणि तहान मात्र दोन्हीकडे स्त्रीलिंगी, म्हणून मुचा आम्ब्रे, मुचा सेद.

दुसरा सापळा उच्चाराचा आहे, आणि तो इंग्रजी माध्यमातून शिकणाऱ्या मराठी माणसालाच लागतो. आपण ‘टेंगो’ म्हणून जातो, कारण इंग्रजी त आपल्या कानाला ट वाटतो. स्पॅनिश त आणि द दंत्य आहेत, अगदी आपल्या ‘ताक’ आणि ‘दही’मधले. इंग्रज माणसाला ते मुद्दाम शिकावे लागतात, आपल्याकडे ते आहेतच.

२. ‘मे दा म्येदो’: इथे थांबा, इथे वेळ द्या

हा साचा पक्का झाला की निम्मं काम झालं. ‘दार’ म्हणजे देणे. ‘मे दा म्येदो’ म्हणजे शब्दशः ‘मला देतं भीती’. एकदा ही चौकट हातात आली की तिच्यात एकेक भावना घालत जायचं:

- मला लाज वाटते: मे दा बेर्ग्वेन्था
- मला किळस येते: मे दा आस्को
- मला राग येतो, चीड येते: मे दा राब्या
- मला वाईट वाटतं, कीव येते: मे दा पेना
- मला कंटाळा येतो: मे दा पेरेथा
- मला काही फरक पडत नाही: मे दा इग्वाल

त्या ‘पेरेथा’जवळ मी खूप वेळ थांबले होते. ‘भांडी घासायचा कंटाळा आलाय’ हे इंग्रजीत धड सांगता येत नाही. बोअर झालं म्हटलं तर अर्थ बदलतो, लेझी म्हटलं तर स्वतःवर आळशीपणाचा शिक्का बसतो. रविवारी दुपारी शेजारच्या आजी जिन्यात भेटल्या. हातात रिकामी पिशवी, आणि म्हणाल्या, बाजारात जायला ‘मे दा ऊना पेरेथा...’ ते लांबवलेलं ‘पेरेथा’ ऐकलं आणि मला सांगलीतला आमचा वाडा आठवला. तिथे हाच सूर, हाच शब्द: “कंटाळा आलाय गं.”

आता ‘मे’च्या जागी कोण येतं ते बघा. मला: मे. तुला: ते. त्याला, तिला आणि आदराने तुम्हाला: ले. आम्हाला आणि आपल्याला: नोस. तुम्हा सगळ्यांना: ओस, हे स्पेनमध्ये. त्यांना: लेस. आपली चतुर्थी जशी चालते तशीच ही चालते.

क्रियापद कुणाच्या मागे जातं, हेही ओळखीचं आहे. ‘मला आंबा आवडतो’, ‘मला आंबे आवडतात’. आपण ‘मी’कडे बघत नाही, आंब्याकडे बघतो. स्पॅनिशमध्येही मे गुस्ता एल मांगो, पण मे गुस्तान लोस मांगोस. इंग्रजी बोलणारे इथे वर्षानुवर्षं अडखळतात. वर्गात शिक्षिकेने हे फळ्यावर लिहिलं तेव्हा बाकीचे वहीत बाण काढत होते आणि मला ते वाचताक्षणी कळलं.

पण मराठी इथे दोन जागी चकवते. या दोन चुका माझ्या जिभेवरून जायला सगळ्यात जास्त दिवस लागले, म्हणून नीट वाचा.

पहिला चकवा. आपण म्हणतो ‘मला कुत्र्यांची भीती वाटते’, आणि ‘वाटते’ हे भीतीच्या मागे जातं. म्हणून आपण ‘मे दा म्येदो दे लोस पेर्रोस’ असं जोडतो. ते चूक. स्पॅनिशमध्ये भीती देणारे कुत्रे आहेत, तेच कर्ता. कुत्रे अनेक असतील तर क्रियापदही अनेकवचनी: मे दान म्येदो लोस पेर्रोस. ‘ची’ म्हणजे ‘दे’ इथे येतच नाही. ‘ची’ हवाच असेल तर ‘तेंगो’कडे जा: तेंगो म्येदो आ लोस पेर्रोस. तिथे ‘आ’ किंवा ‘दे’ दोन्ही चालतात.

दुसरा चकवा. ‘आईला विमानाची भीती वाटते’ यात ‘आईला’ एकदा म्हटलं की झालं. स्पॅनिशमध्ये ‘ला’ दोनदा लागतो: आ मी माद्रे ले दा म्येदो एल आब्योन. ते मधलं ‘ले’ गाळलं तर ऐकणाऱ्याला वाक्य लंगडं वाटतं. ‘आ मी’, ‘आ मी माद्रे’, ‘आ मी इखो’ असं पुढे आलं की मागोमाग ‘मे’ किंवा ‘ले’ आलंच पाहिजे.

एखादी कृती भीतीदायक असेल तर क्रियापदाचं मूळ रूप तसंच ठेवायचं: मे दा म्येदो कोन्दुथीर, मला गाडी चालवायची भीती वाटते. नवीन आलेल्यांना सगळ्यात उपयोगी पडेल असं एक वाक्य: मे दा बेर्ग्वेन्था आब्लार पोर तेलेफोनो, मला फोनवर बोलायची लाज वाटते. मी ते एका दुकानात म्हणाले, तेव्हा काउंटरवरच्या मुलीने सरळ माझ्या वतीने फोन लावून दिला.

३. वाटली की वाटायची

स्पॅनिशमधल्या दोन भूतकाळांवर इंग्रजी पुस्तकं पानंच्या पानं खर्च करतात. भावनांपुरतं आपलं काम दोन ओळींत होतं.

- एकदम भीती वाटली: मे द्यो म्येदो
- भीती वाटायची: मे दाबा म्येदो

दे नीन्या मे दाबा म्येदो ला ओस्कुरिदाद: लहानपणी मला अंधाराची भीती वाटायची. ‘वाटायची’ म्हटलं की ‘दाबा’, ‘वाटली’ म्हटलं की ‘द्यो’. पुरुषाने ‘दे नीन्यो’ म्हणायचं.

४. दचकणं वेगळं, घाबरलेलं असणं वेगळं, घाबरट असणं वेगळं

दचकलो, धसका घेतला: मे आसुस्ते. शेवटच्या ‘ते’वर जोर. लिहिताना त्या अक्षरावर तिरकी रेघ, नाहीतर तो दुसराच शब्द होतो. कुणी मागून येऊन खांद्यावर हात ठेवला तर तोंडातून निघतं ‘के सुस्तो!’. अंधाऱ्या गल्लीकडे बघून ‘के म्येदो!’.

घाबरलेली अवस्था आत्ताची, म्हणून ‘एस्तोय’ लावायचं: एस्तोय आसुस्तादा. स्वभावच घाबरट असेल तर ‘सोय’: सोय म्येदोसा. मराठीत दोन्हींना ‘आहे’ पुरतं, म्हणून इथे आपण आणि इंग्रजी बोलणारे सारखेच चुकतो. एक खूण उपयोगी पडते. वाक्यात ‘आत्ता’ घालून बघा. बसलं तर ‘एस्तोय’, ‘मुळातच’ बसलं तर ‘सोय’.

तात्पुरती तशी अवस्था आली हे सांगायला ‘पोनेर्से’. मे पूसे नेर्ब्योसा म्हणजे माझ्या पोटात गोळा आला, मी अस्वस्थ झाले. परीक्षेआधी, मुलाखतीआधी, परदेशी नागरिकांच्या कार्यालयातल्या रांगेत.

५. ‘चुकेल की काय’ अशी भीती

आता थोडं अवघड. मला माझीच ट्रेन चुकायची भीती वाटत असेल तर सोपं आहे, क्रियापदाचं मूळ रूप ठेवा: तेंगो म्येदो दे पेर्देर एल त्रेन. मुलाची ट्रेन चुकेल अशी भीती मला वाटत असेल तर माणसं दोन झाली. मग मध्ये ‘के’ येतो आणि पुढच्या क्रियापदाचं रूप बदलतं: तेंगो म्येदो दे के मी इखो प्येर्दा एल त्रेन.

साधं रूप ‘प्येर्दे’ आहे, इथे ‘प्येर्दा’ झालं. या रूपाला सुबखुन्तीबो म्हणतात. अजून घडलेलं नाही, मनात आहे, हवंय किंवा नकोय, अशा गोष्टींचं ते रूप. मराठीत त्याच्या जवळचं म्हणजे विध्यर्थ. ‘तो येतो’ आणि ‘त्याने यावं’ यातला फरक. त्याने यावं असं मला वाटतं: क्येरो के बेंगा. इच्छेच्या बाबतीत आपला ‘यावं’ आणि त्यांचं ‘बेंगा’ छान जुळतात.

सापळा: भीतीच्या वाक्यात मराठी विध्यर्थ वापरत नाही, भविष्यकाळ वापरते. ‘चुकेल’, ‘पडेल’, ‘कळणार नाही’. म्हणून आपण स्पॅनिशमध्येही भविष्यकाळ घालतो. तो घालू नका. भीती आणि मागे ‘के’ आला की सुबखुन्तीबो.

रूप करायची युक्ती: मूळ क्रियापद ‘आर’ने संपत असेल तर शेवटी ‘ए’ आणा, ‘एर’ किंवा ‘ईर’ने संपत असेल तर ‘आ’ आणा. स्वरांची अदलाबदल. आब्ला, तो बोलतो, त्याचं आब्ले. कोमे, तो खातो, त्याचं कोमा. अपवाद आहेत, पण आधी एवढं घट्ट करा. हा भाग अभ्यासक्रमात बी १ या मधल्या पातळीवर येतो. स्पॅनिश नागरिकत्वासाठी लागणारी देले ही भाषेची परीक्षा त्याखालच्या ए २ पातळीची असते, त्यामुळे केवळ परीक्षेच्या धाकाने याच्यामागे लागू नका. मुलं घरी यायला उशीर करायला लागली की हे आपोआप लागतं.

आणि एक: ‘मे तेमो के’. शब्दात भीती आहे, पण भीती नाही. मे तेमो के नो आय सीत्यो म्हणजे ‘माफ करा, पण जागा नाहीये’. वाईट बातमी नरमाईने सांगायची ही रीत आहे, म्हणून पुढे साधंच रूप येतं.

६. इंग्रजीसारखे दिसणारे फसवे शब्द

हे पाठच करा. यातला एखादा दवाखान्यात किंवा कामावर चुकला तर त्रास होतो.

- एम्बाराथादा: ओशाळलेली नव्हे, गरोदर. ओशाळल्यासारखं झालं तर मे दा बेर्ग्वेन्था.
- एक्स्थितादा: उत्सुक नव्हे, याचा अर्थ शारीरिक उत्तेजनेकडे जातो. आनंदाने भारावून गेलात तर एमोथ्योनादा. एखाद्या गोष्टीची मनापासून वाट बघत असाल तर मे आथे मुचा इलुस्योन. यातल्या ‘इलुस्योन’चा भ्रमाशी संबंध नाही, तो मनातला हुरूप आहे. मला स्पेनमधला हा सगळ्यात लाडका शब्द.
- कालिएन्ते: उकडतंय म्हणून ‘एस्तोय कालिएन्ते’ म्हणू नका, नको तो अर्थ निघतो. तेंगो कालोर म्हणा.
- कोन्स्तिपादा: सर्दी झालेली. बद्धकोष्ठ असेल तर एस्त्रेन्यिदा. डॉक्टरांसमोर हा फरक महत्त्वाचा.
- सेन्सीब्ले: समंजस नव्हे, हळवा.
- मोलेस्तार: नुसतं त्रास देणे. ‘मे मोलेस्ता एल रुइदो’, मला आवाजाचा त्रास होतो. घाबरू नका, इथे काही भयंकर नाही.
- पेना: स्पेनमध्ये वाईट वाटणं, मेक्सिकोत मात्र बहुतेकदा लाज वाटणं. मेक्सिकोचा सहकारी ‘मे दा पेना’ म्हणाला तर सांत्वन करायला जाऊ नका, तो संकोचलाय.

‘मे स्येन्तो’ हे दोन अर्थांनी येतं: मला अमुक वाटतंय, आणि मी बसतोय. मे स्येन्तो सोला, मला एकटं वाटतं. मे स्येन्तो आकी, मी इथे बसते. पुढचा शब्द ऐकून अर्थ लावायचा.

७. समोरचा घाबरलेला असेल तेव्हा

तू आणि तुम्ही आपल्याला उपजत कळतं, त्याचा फायदा घ्या. घाबरू नकोस: नो तेंगास म्येदो. घाबरू नका: नो तेंगा म्येदो. काळजी करू नकोस: नो ते प्रेओकूपेस. काळजी करू नका: नो से प्रेओकूपे. हे सगळे पाचव्या पायरीतलेच सुबखुन्तीबो आहेत. नकळत तुम्ही ते वापरायला लागलात.

स्पेनमध्ये ‘तू’ आपल्यापेक्षा फार लवकर येतं. दुकानदार, मुलाची शिक्षिका, मित्राचे वडीलही तुम्हाला ‘तू’ म्हणतील आणि तुम्हीही तसंच म्हणावं अशी त्यांची अपेक्षा असते. माझ्या जिभेला ते जड गेलं. म्हाताऱ्या माणसांना आणि डॉक्टरांना मी अजूनही आधी ‘उस्तेद’ म्हणते; ते स्वतः ‘तू म्हण’ म्हणाले की बदलते.

मुलाला जवळ घेऊन म्हणायचं: त्रांकीलो, नो पासा नादा, या एस्ता. शांत हो, काही नाही झालं, झालं आता. मुलीला त्रांकीला. कुणाच्या घरी दुःखद घटना घडली तर लो स्येन्तो मुचो, किंवा ते आकोम्पान्यो एन एल सेन्तिम्येन्तो, तुझ्या दुःखात मी सोबत आहे. नंतर जास्त बोलायची गरज नसते.

भीतीचे वाक्प्रचार सवडीने शिका. दोन आजच घ्या, कारण ते आपलेच आहेत. ‘कोन एल कोराथोन एन उन पून्यो’, म्हणजे काळीज मुठीत. आपण जीव मुठीत धरतो. आणि ‘से मे पोने ला प्येल दे गायिना’: आपल्या अंगावर काटा येतो, त्यांची कातडी कोंबडीची होते.

८. खरंच धोका असेल तेव्हा

व्याकरण विसरा. आपत्कालीन क्रमांक ११२. आयूदा म्हणजे मदत. तेंगो म्येदो. मे एस्तान सिग्येन्दो, माझा कुणी पाठलाग करतंय. नो मे स्येन्तो सेगूरा, मला सुरक्षित वाटत नाही. घरात किंवा जोडीदाराकडून हिंसा होत असेल तर स्पेनमध्ये महिलांसाठी ०१६ हा क्रमांक आहे. तिथे अनेक भाषांत मदत मिळते आणि फोनच्या बिलावर तो कॉल दिसत नाही, मात्र मोबाइलमधल्या कॉलच्या यादीतून तो स्वतः पुसावा लागतो. हे दोन क्रमांक घरातल्या प्रत्येक बाईच्या फोनमध्ये असू द्या, सासूबाई भारतातून महिनाभरासाठी आल्या असतील तरी.

९. रोज रात्री तीन ओळी

झोपायच्या आधी वहीच्या डाव्या बाजूला आजच्या तीन भावना मराठीत लिहा, उजवीकडे स्पॅनिश, मग मोठ्याने वाचून रेकॉर्ड करा. दुसऱ्या दिवशी ऐकताना ‘त’चा ‘ट’ झालाय का आणि ‘ले’ गळलाय का, एवढंच तपासा. माझ्या वहीतलं फेब्रुवारीतलं एक पान असं आहे:

डॉक्टरांकडे जायची भीती वाटत होती. मे दाबा म्येदो इर आल मेदिको.
आईची आठवण येते. एचो दे मेनोस आ मी माद्रे.
मुलगा आज शाळेत रडला नाही, मला आनंद झाला. मी इखो नो आ योरादो ओय एन एल कोलेख्यो. मे आलेग्रो मुचो.